पाचवा टिल, सहावा योनास

बाबाचा लेबेन्सलाउफ आमच्या घरात दोन आवृत्त्यांत होता. लेबेन्सलाउफ म्हणजे नोकरीच्या अर्जासोबत द्यायचा आयुष्याचा तक्ता. डावीकडे महिना आणि वर्ष, उजवीकडे तेव्हा तुम्ही काय करत होता ते. जर्मनीत या तक्त्यात रिकामी जागा चालत नाही. दोन ओळींमध्ये चार महिने जरी सुटले तरी समोरचा माणूस तिथेच पेन्सिल टेकवून विचारतो. पहिली आवृत्ती सॉफ्टवेअर कंपनीसाठी केलेली होती आणि तिच्यात इंजिनिअरिंग संपल्यानंतरच्या आठ महिन्यांसमोर 'परदेशी जाण्याची तयारी' असं लिहिलं होतं. दुसरी आवृत्ती मी पंधरा वर्षांची असताना हायडेलबर्गच्या आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार झाली. तिच्यात त्याच आठ महिन्यांसमोर 'क्रिकेट' एवढा एकच शब्द होता. दुसरी आवृत्ती खरी होती. ते आठ महिने तो पुण्यात नोकरी न शोधता रोज सकाळी मैदानावर जात होता, आणि संध्याकाळी घरी त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

बेसबॉल त्याच्याकडे कसा आला, याची घरात सांगितली जाणारी हकीकत छोटी होती. शहरातली अमेरिकन लष्कराची वसाहत रिकामी झाली, कुटुंबं परत गेली, दुकानं बंद झाली. त्यांचं बेसबॉलचं मैदान मात्र तसंच राहिलं, आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा एक संघ तिथे सरावाला येऊ लागला. बाबा एका शनिवारी सायकलवरून क्रिकेटला जागा शोधत तिकडे गेला होता. कुंपणाबाहेर उडालेला एक चेंडू त्याने नुसत्या हातांनी झेलला आणि परत फेकला. आत सगळे हातमोजे घालून उभे होते. एकाने हाक मारून पुन्हा झेलतो का विचारलं. बाबाने पुन्हा झेलला. त्या दिवशी तो दुपारी चारला घरी आला. आईने जेवण झाकून ठेवलं होतं. त्याचे तळहात लाल झाले होते आणि तो चमच्याने वरणभात जेवला.

पहिलं वर्ष तो चेंडू गोळा करायचा. मग त्यांच्या लक्षात आलं, की हा माणूस बॅटने चेंडू हवा त्या ठिकाणी पाडतो. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षणाच्या सरावाला हे लागतंच, पुण्यात त्याने हजारो चेंडू असे टोलवलेले होते. दुसऱ्या वर्षी तो आतल्या क्षेत्ररक्षकांचा प्रशिक्षक झाला, तिसऱ्या वर्षी सहायक. चौथ्या वर्षी मुख्य प्रशिक्षक बर्लिनला गेला आणि दुसरं कोणी नव्हतं म्हणून संघ बाबाकडे आला, तासाच्या मानधनावर. त्याआधी त्याने प्रशिक्षकाच्या परवान्याचा अभ्यासक्रम सहा वीकेंड बसून पुरा केला. परीक्षा जर्मनमध्ये होती. तो स्वयंपाकघरात नियम मोठ्याने वाचायचा आणि आई कणीक मळता मळता त्याचे उच्चार सुधारायची. आई विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधक होती आणि तिचं जर्मन घरात सगळ्यांत चांगलं होतं, माझं सोडून.

घराचा आवाज मला आजही ओळखता येईल. प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजून घ्यायच्या, कारण खालच्या मजल्यावरच्या बाईंना त्या आवडत नसत. रविवारी तर कोणताच आवाज चालत नसे, तो इमारतीचा नियम होता. बाबा त्या दिवशी तळघरात जायचा. आमच्या वाट्याच्या खोलीत त्याने जुनी गादी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तिच्यावर तो चेंडू मारायचा. वर स्वयंपाकघरात उभं राहिलं की फरशीतून एक धप् ऐकू यायचा, इतका मऊ की दुसऱ्या कोणाला तो आवाज वाटला नसता. आई म्हणायची, "ऐक, तुझा बाबा खाली गादी धोपटतोय." शनिवारी सामना असला की सकाळी धपाटी व्हायची. संघातल्या मुलांना दाण्याची चटणी आवडायची, ती ते ब्रोटशेनमध्ये म्हणजे तिकडच्या गोल पावात लोण्यावर पसरून खायचे. योनास नावाचा एक उंच मुलगा एकदा आईला म्हणाला होता, की हे पीनट बटर आहे पण रागावलेलं.

मी घरात बहुतेक जर्मनमध्येच उत्तर द्यायचे. आईबाबा मराठीत विचारायचे, मी जर्मनमध्ये सांगायचे, तसंच वर्षानुवर्षं चाललं होतं. बाबाने एक नियम मात्र केला होता: घरात मराठी, मैदानावर जर्मन. मैदानावर आपण दोघं मराठीत बोललो तर मुलांना वाटेल त्यांच्याबद्दल काहीतरी चाललंय, असं तो म्हणायचा. घरातला अर्धा नियम मी पाळत नव्हते. मैदानावरचा पूर्ण पाळायचे.

मैदानावर मी असायचे, कारण मी स्कोअरर होते. चौदाव्या वर्षी दोन दिवसांचा कोर्स करून मी त्याचा परवाना घेतला होता. सामन्यातला प्रत्येक चेंडू, प्रत्येक बाद, कोण कुठल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेतल्या थांब्यावर, कसं पोचलं, हे सगळं एका मोठ्या छापील कागदावर लहान चौकोनांत चिन्हांनी लिहायचं. कोर्स शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, की जे झालं ते लिहायचं, जे व्हायला हवं होतं ते नाही. दुसरी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. चुकीचा फलंदाज खेळायला आला, तर ते स्कोअररला सगळ्यांत आधी कळतं, कारण क्रम त्याच्यासमोर असतो. त्याने ते कोणालाही सांगायचं नाही. पंचाला नाही, या संघाला नाही, त्या संघाला नाही. चूक पकडणं हे समोरच्या संघाचं काम. मी ते वहीत लिहून घेतलं आणि विसरले, कारण असं कधी होत नाही असंही ते म्हणाले होते. पुढे बातमीदारीत मला जे शिकवलं गेलं, त्यातलं बरंचसं माझं त्या दोन दिवसांत शिकून झालं होतं. अर्थात हे आता सुचतंय.

त्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने प्रशिक्षकाची अर्धवेळ जागा काढली. कायमची, पगाराची. दुसरा लेबेन्सलाउफ त्या जागेसाठी होता. जागा मिळाली तर बाबा कंपनीतली नोकरी अर्धी करणार होता. त्याने मॅनेजरशी बोलून ठेवलं होतं, कंपनी तयार होती. आईची आई तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आलेली होती, त्यामुळे हा विषय जेवणाच्या टेबलावर नीट उलगडला गेला.

"मिलिंदराव, मला एक सांगा," आजी म्हणाली. "तुम्ही आता अर्धा दिवस कॉम्प्युटर आणि अर्धा दिवस चेंडू, असं ना?"

"हो, आई."

"आणि कार्डावर काय छापणार?"

"इथे कार्ड कोणी विचारत नाही."

"पुण्यात विचारतात हो. मला विचारतात. जावई काय करतात? मी सांगते मोठ्या कंपनीत आहेत. आता काय सांगू? मुलांना पळायला लावतात?"

"शिकवतात म्हणून सांगा. विद्यापीठात."

आजीने थोडा विचार केला. "हे चालेल," ती म्हणाली आणि त्याच्या पानात आणखी एक धपाटं वाढलं.

जेवण संपल्यावर आई ताटं गोळा करायला लागली. मग म्हणाली, "माझी हरकत नाही. पण दोन अर्ध्या नोकऱ्या मिळून एक होत नाही. दीड होते. तो अर्धा कुठून काढणार ते ठरव."

"झोपेतून," बाबा म्हणाला.

"जा," आई म्हणाली. जर्मनमधला 'जा', म्हणजे 'बरं'. पण तिच्या चेहऱ्यावर मराठीतला होता.

बाबाला ती जागा किती हवी होती, हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. मला ते त्याच्या इस्त्रीवरून कळलं. संघाचा टी-शर्ट तो एरवी वाळत घातलेला तसाच काढून घालायचा. जाहिरात आल्यापासून तो शुक्रवारी रात्री त्याला इस्त्री करायचा, बाह्यांनासुद्धा.

निर्णय उन्हाळ्याच्या शेवटी व्हायचा होता. त्याआधी आमच्या मैदानावर विद्यापीठांच्या संघांचा विभागीय अंतिम सामना होता आणि क्रीडा विभागाच्या प्रमुख फ्राउ लिंडनर तो बघायला येणार होत्या. त्यांनी तसं कळवलं होतं. सकाळी बाबाने टेबलावर बसून फलंदाजीचा क्रम लिहिला, पहिला ते नववा. मी समोर बसून चहा पीत होते. पाचवा टिल, सहावा योनास. टिल हा शांत, बुटका गणिताचा विद्यार्थी होता, चांगला क्षेत्ररक्षक आणि बरा फलंदाज. बाबाने त्या दोन ओळींवर पेन बराच वेळ धरून ठेवलं. "उलट करावं का?" तो स्वतःशीच मराठीत म्हणाला. मग तसंच ठेवलं. बेसबॉलमध्ये हा कागद एकदा पंचाच्या हातात गेला की क्रम संपूर्ण सामनाभर तोच राहतो. नवव्यानंतर पुन्हा पहिला.

क्रिकेटमध्ये असं नसतं, हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाबा पुण्यात त्याच्या कॉलेजचा कप्तान होता. तो तीन जणांना पॅड बांधून बसवून ठेवायचा. विकेट पडली की गोलंदाज कोण आहे, ऊन कुठे आहे, हे बघून त्यातल्या एकाला म्हणायचा, तू जा. कोणाला विचारायचं नसतं, कोणाला कळवायचं नसतं. त्याचे जुने मित्र फोनवर अजूनही त्याच्या अशा एका 'तू जा'ची गोष्ट सांगायचे. कप्तान म्हणून त्याची ओळख हीच होती.

सामना दुपारी एकला सुरू झाला. मी जाळीमागे घडीच्या टेबलाशी बसले होते, डोक्यावर बागेतली छत्री, समोर कागद आणि तीन पेन्सिली. माझ्या मागे आजी शाल घेऊन खुर्चीवर, तीस अंश उन्हात. आई तिच्या शेजारी. फ्राउ लिंडनर तिसऱ्या बेसच्या बाजूला उभ्या होत्या, हातात पाण्याची बाटली. पहिल्या सहा डावांत सांगण्यासारखं फार झालं नाही. सातवा शेवटचा. आम्ही एका धावेने मागे होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आमचे धावक होते आणि दोघं बाद झाले होते. एक चांगला फटका बसला की दोन धावा आणि सामना आमचा. आणखी एक बाद, की संपलं.

माझ्या कागदावर पुढचं नाव टिलचं होतं. टिल बॅट घेऊन उठला. बाबा खेळाडूंच्या बाकासमोर उभा होता. त्याने गोलंदाजाकडे बघितलं, मग वर उन्हाकडे बघितलं, मग बाकाकडे वळून बोटाने दाखवलं. "योनास, तू जा," तो जर्मनमध्ये म्हणाला. टिल खाली बसला. योनास गेला. त्यांच्यापैकी कोणीही काही विचारलं नाही. टिलने मला नंतर सांगितलं, की कोच म्हणतो म्हणजे कागदावर तसं झालेलं असणार, असंच त्याला वाटलं. संघ बाबाकडे आल्यापासून त्याचा एकही कागद चुकलेला त्यांना माहीत नव्हता.

पहिला चेंडू पडला. मी पेन्सिल टिलच्या चौकोनात टेकवली आणि थांबले. मैदानावर योनासची पाठ होती, तिच्यावर सतरा आकडा. कागदावर टिल, आकडा चार. या क्षणी कोणी सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. फटका बसेपर्यंत टिलला परत बोलावता येतं, जितके चेंडू झाले तितके त्याच्या नावावर घेऊन तो पुढे खेळतो. दंड नाही. दुसरा चेंडू पडला. बाबा माझ्यापासून बारा-पंधरा पावलांवर होता. मैदानावर मराठी समजणारी माणसं चारच होती आणि ती चारही आमच्या घरातली होती. दोन शब्द पुरे होते.

बाबाने मागे वळून बघितलं. त्याला काय जाणवलं होतं मला माहीत नाही. कदाचित माझी पेन्सिल थांबलेली दिसली असेल. सामन्यात माझी पेन्सिल थांबत नसे. मैदानावर तो माझ्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलला.

"इरा, काय गं? काही चुकलंय का?"

माझ्या मागे आजीसुद्धा म्हणाली, "काय झालं गं?"

मी कागदाकडे बघितलं. मग जर्मनमध्ये म्हणाले, "मी लिहितेय."

तो आणखी एक क्षण माझ्याकडे बघत राहिला आणि मग मैदानाकडे वळला. तिसऱ्या चेंडूवर योनासने फटका मारला. चेंडू डाव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून गेला आणि कुंपणाला लागला. दोघेही धावक आत आले. आमचा सगळा बाक मैदानावर धावला. कोणीतरी पाण्याचं पिंप योनासच्या डोक्यावर ओतला. मी जे झालं ते लिहिलं, टिलच्या चौकोनात योनासचं नाव, आकडा सतरा.

"जिंकलो ना गं आपण?" आजीने विचारलं.

"अजून नाही, आजी." हे मी मराठीत म्हणाले.

"अगं, सगळे नाचतायत."

"हो. बघ तू."

समोरच्या संघाचा प्रशिक्षक निवृत्त शाळामास्तर होता. त्याच्या हातात क्रमाची प्रत होती आणि तो तिच्यावर बोट ठेवून नावं खाली मोजत होता. त्याने हात वर करून आपल्या खेळाडूंना मैदानावरच थांबायला सांगितलं आणि सावकाश पंचाकडे चालत गेला. पंचाने खिशातून कागद काढला. मग तो माझ्या टेबलापाशी आला आणि जाळीतून त्याने विचारलं, कोण खेळलं? मी सांगितलं, सतरा. कोणाची पाळी होती? मी सांगितलं, चार. विचारल्यावर सांगायचं असतं. पाळी ज्याची चुकली तोच बाद धरतात: टिल बाद, धावा रद्द, सामना संपला, आम्ही हरलो. हे सगळं दोन मिनिटांत झालं. योनासच्या केसांतून अजून पाणी गळत होतं.

बाबा पंचाशी वाद घालायला गेला नाही. त्याने समोरच्या प्रशिक्षकाशी हात मिळवला, मग मुलांना गोल उभं करून सांगितलं की चूक माझी, फक्त माझी. मग तो टिलजवळ जाऊन त्याच्याशी काही वेळ बोलला. फ्राउ लिंडनर थोडा वेळ थांबून, त्याच्याशी एक-दोन वाक्यं बोलून गेल्या. मी कागद पूर्ण केला. खाली सही करायची असते, ती केली.

घरी येताना ट्रॅममध्ये आजीने पिशवीतून उरलेली धपाटी काढून सगळ्यांना विचारलं आणि परत ठेवली. संध्याकाळी आई आणि आजी बाल्कनीत होत्या. बाबा टेबलाशी बसला होता, सकाळी लिहिलेल्या क्रमाची त्याची प्रत समोर.

"तुला कधी दिसलं?" त्याने विचारलं.

"पहिल्या चेंडूला."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा माहीत होतं."

"हो."

"मराठीत विचारलं होतं मी. कोणाला कळलं नसतं."

तो कागदाकडे बघत होता.

"नियम काय आहे?" त्याने विचारलं. परीक्षेसारखं.

"स्कोअररने सांगायचं नाही. कोणालाच."

"मला नियम माहीत होता. दोन्ही माहीत होते. क्रमाचाही," तो म्हणाला. "पेपरात होता. मी बरोबर लिहिला होता." मग तो उठला, तळघराची किल्ली घेतली आणि खाली गेला. शनिवार होता, त्यामुळे आवाज करायला हरकत नव्हती, पण बराच वेळ खालून काहीच ऐकू आलं नाही. आई आत आली आणि फरशीकडे बघत उभी राहिली. मग खालून पहिला धप् आला, तेव्हा तिने कुकर लावला.

जागा त्याला मिळाली नाही. पत्र सभ्य होतं आणि अर्ध्या पानाचं होतं. निवडलेल्या उमेदवाराकडे क्रीडाशास्त्राची पदवी होती आणि त्याचं वय एकोणतीस होतं. त्या सामन्यामुळे गेली की पदवीमुळे, हे मला माहीत नाही. मी पुढे लोकांना याहून अवघड प्रश्न विचारून पोट भरलं, पण फ्राउ लिंडनरना तो एक विचारला नाही, आणि आता विचारायला त्या नाहीत. नवा प्रशिक्षक आला तेव्हा बाबाने त्याला मैदानाच्या किल्ल्या दिल्या आणि क्षेत्ररक्षकांना चेंडू टोलवायच्या आपल्या जुन्या जागी जाऊन उभा राहिला. टी-शर्टला इस्त्री करणं त्याने सोडलं. आजी पुण्याला परतताना विमानतळावर म्हणाली, "मिलिंदराव, मी मात्र विद्यापीठात शिकवतात असंच सांगणार आहे." तो म्हणाला, "सांगा, आई. शिकवतोच आहे."

दोन वर्षांनी प्रादेशिक संघटनेने त्याला नव्या प्रशिक्षकांच्या परवान्याचा नियमांचा भाग शिकवायला बोलावलं. त्याच सहा वीकेंडांचा अभ्यासक्रम, आता फळ्याच्या दुसऱ्या बाजूने. ते काम त्याने हातातली बॅट सुटेपर्यंत आणि त्यानंतरही केलं. लेबेन्सलाउफची तिसरी आवृत्ती त्याने कधी केली नाही.

त्याची प्रश्नपत्रिका मी खूप नंतर बघितली, एका सुट्टीत, तो जेवायला पानं घेत असताना. ती टेबलाच्या कडेला पडली होती. मूळ प्रत त्याने हाताने लिहिलेली, जर्मनमध्ये, त्याच्या इंजिनिअरच्या सरळ अक्षरात. आता मला ते अक्षर वाचायला चष्मा लागतो. सातवा प्रश्न असा होता: शेवटचा डाव, दोन बाद, यजमान एका धावेने मागे, प्रशिक्षक पाचव्याऐवजी सहाव्या फलंदाजाला पाठवतो. पंच काय निर्णय देईल? हा उपप्रश्न तीन गुणांचा होता. पुढचा उपप्रश्न: पहिल्या चेंडूनंतर प्रशिक्षक स्कोअररकडे वळून विचारतो, की काही चुकलं आहे का. स्कोअरर काय करेल? त्याला दहा गुण होते. संपूर्ण प्रश्नपत्रिकेत इतके गुण दुसऱ्या कशालाच नव्हते.

"याचं उत्तर किती जण बरोबर लिहितात?" मी विचारलं. मराठीत विचारलं, तोवर मी घरात मराठी बोलायला लागले होते.

"फार नाही," बाबा म्हणाला. "बरेच जण लिहितात की खूण करेल. ताट घे."

मी पान उलटलं. मागे परीक्षकांसाठी उत्तरं लिहिलेली होती. सातव्याच्या दुसऱ्या भागासमोर एकच ओळ होती: ती लिहीत राहते.